कुठल्या जातीचा?

राख्या आमच्या घरी आला त्या दिवशी शेजारच्या नानांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या जातीचा?"

मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. आपल्याकडे हा प्रश्न इतक्या मोठ्यानं विचारायची पद्धत नाही. तो आडवाटेनं विचारतात. आधी आडनाव, मग मूळ गाव, मग "म्हणजे तुम्ही देशावरचे का?", मग "तुमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी काय करतात?" अशी चार वळणं घेऊन माणूस हव्या त्या मुक्कामी पोचतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र गाडी थेट जाते, मध्ये कुठं थांबत नाही. वर्षानुवर्षं तुंबलेली चौकशी एकदम मोकळी होते.

"गावठी," मी म्हणालो.

नानांचा चेहरा पडला. स्थळ चांगलं निघालं, पण मुलगा बिनपगारी, असं कळल्यावर पडतो तसा. मग त्यांनी स्वतःला आणि मला सावरलं. "असू दे, असू दे. स्वभावानं फार चांगली असतात ती."

आमचं घर एकलहऱ्याला. नाशिककरांना 'एकलहरे' म्हटलं की पुढचा शब्द सुचतो 'थर्मल', म्हणजे आमचं औष्णिक वीज केंद्र. मनमाडकडून रेल्वेनं येणाऱ्या माणसाला आमच्या चिमण्या दिसल्या की तो बाकाखालची बॅग ओढायला लागतो, कारण आता नाशिकरोड आलं. त्या चिमण्यांखाली माझी ३४ वर्षं गेली, सगळी बॉयलरवर. १४० मेगावॅटचे दोन जुने संच माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे होऊन बंद पडले. २१० चे तीन उरले. मग मीही ५८ वर्षांचा झालो आणि मलाही शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन 'सेवेतून कमी' करण्यात आलं. आमच्या भाषेत याला संच काढून टाकणं म्हणतात. फरक एवढाच की संचाला घड्याळ देत नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी, जानेवारीतल्या एका संध्याकाळी, मुलगी कॉलेजातून आली ती हातात एक राखाडी गाठोडं घेऊन. गाठोडं कण्हत होतं. राखेच्या गाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेला पडलं होतं म्हणे. मागच्या डाव्या पायावरून काहीतरी गेलं होतं. थंडीनं लटपटत होतं म्हणून तिनं घरातलं हाताला लागलेलं पहिलं पांघरूण त्याच्यावर टाकलं. ती माझी सत्काराची शाल होती.

"अगं, ती शाल..." मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही ती कधी पांघरली?"

खरं होतं. ३४ वर्षं राख अंगावर घेतल्याबद्दल मिळालेली शाल अखेर माझ्याहून जास्त राख अंगावर असलेल्याला मिळाली. निवड समितीची चूक उशिरा का होईना सुधारली.

नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. मागचा २०१५ मध्ये झाला. त्यामुळे सर्वांगाला राख फासलेला, डोळे लाल, कुणालाही न जुमानणारा प्राणी दिसला की आम्हाला आश्चर्य वाटत नाही, आम्ही नमस्कार करतो. सौभाग्यवतींनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे महाराज जरा लवकरच आले." मग चार बादल्या गरम पाण्यानं शाहीस्नान झालं. पहिल्या बादलीचं पाणी आमच्या राखेच्या तळ्यात जाणाऱ्या गाळासारखं होतं, दुसरीचं चहासारखं. चौथ्या बादलीनंतर आतून तांबूस रंगाचा, पांढऱ्या पायमोज्यांचा, एक कान उभा आणि एक आडवा असा कुत्रा निघाला. नाव मात्र आधीच पडून गेलं होतं. राख्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. हाड मोडलं नव्हतं, स्नायू दुखावला होता. जंताचं औषध झालं, रेबीजची लस टोचली गेली, ती दरवर्षी घ्यायची अशी तंबी मिळाली, आणि एक कार्ड तयार झालं. नाव: राख्या. वय: अंदाजे एक वर्ष. रंग: तांबूस. त्यापुढे जातीचा रकाना होता. डॉक्टरांनी तिथं झरकन 'एन. डी.' असं लिहिलं.

"एन. डी. म्हणजे?"

"नॉन-डिस्क्रिप्ट. म्हणजे ज्याचं वर्णन करता येत नाही."

हे घरी येऊन सांगितल्यावर सौभाग्यवती पोळी लाटता लाटता थांबल्या. "ज्याचं वर्णन करता येत नाही? अहो, मग ते परब्रह्म झालं." आणि त्यांनी परब्रह्मापुढे अर्धी पोळी टाकली. परब्रह्मानं ती न चावता गिळली.

या देशी कुत्र्यांना इंग्रजांनी दिलेलं नाव तर आणखी मासलेवाईक. ते त्यांना 'परायाह' म्हणत. तो शब्द तमिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून उचललेला आहे. परै म्हणजे ढोल. तो वाजवणारे ते परैयर. म्हणजे साहेबानं आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला नाव ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याला माणसांची एक जातच सापडली. साहेब इथं बऱ्याच गोष्टी शिकला. त्यातली ही सगळ्यात लवकर शिकला असावा.

तर, चौकशा चालूच राहिल्या. दूधवाला, इस्त्रीवाला, गॅसवाला, फाटकावरचा सुरक्षारक्षक, सगळे एकच विचारायचे. 'गावठी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत सांत्वन यायचं आणि ते सांत्वन मला झेपेना. शेवटी मी खोटं बोलायला सुरुवात केली. इस्त्रीवाल्याला सांगितलं, "एकलहरे शेफर्ड." तो म्हणाला, "तरीच! कान बघा ना." गॅसवाल्याला सांगितलं, "थर्मल टेरियर." त्यानं किंमत विचारली. मी २५ हजार सांगितले. त्या दिवसापासून तो राख्याला घाबरायला लागला. आधी त्याच कुत्र्याला तो "हाड" म्हणायचा.

आता डोंगराकडे येतो.

माझी साखर वाढली होती. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, "चढ चढा." राख्याचा पाय बारीक पडत होता. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पाय बरा झाला की चढावर चालवा, स्नायू भरेल." दोन वेगळ्या शास्त्रांतल्या दोन तज्ज्ञांनी एकच औषध लिहिलं म्हटल्यावर पुढे बोलायला जागा नव्हती. मुलीनं 'ट्रिप काढू या' असं जाहीर केलं.

'ट्रिप' या शब्दावर मी उगाच दचकतो. तुमच्याकडे ट्रिप म्हणजे सहल. आमच्याकडे ट्रिप म्हणजे चालता संच एकाएकी बंद पडणं. ३४ वर्षांत मध्यरात्री फोन वाजून "साहेब, ट्रिप झाली" असं कुणी सांगितलं तेव्हा त्यात आनंदाचा लवलेश नसायचा. पुढं काय झालं ते पाहता माझा अर्थ बरोबर होता.

आधी प्रश्न आला, न्यायचं कुठं? नाशिकला डोंगरांची टंचाई नाही. शहराला लागून पांडवलेणी आहेत, पण तिथं पुरातत्त्व खात्याचं राज्य. लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत आणि राख्याची कुठल्याही उभ्या दगडाबद्दलची भावना फार व्यक्तिगत आहे. अंजनेरी हनुमंताचं जन्मस्थान मानतात. तिथं दुर्मीळ कंदीलपुष्पं आहेत, कड्यांवर गिधाडं आहेत, आणि तो डोंगर संवर्धन राखीव जाहीर झालाय. हरिहरच्या त्या प्रसिद्ध खड्या पायऱ्या पाहून राख्याच्या आधी मीच खाली बसलो असतो. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. पण ती अभयारण्यात. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नये. आपल्या कुत्र्याचे आजार रानातल्या जनावरांना लागतात, आणि तो बागडतो तेव्हा जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांचा संसार उठतो.

शिवाय कळसूबाईच्या पायथ्याचा अकोले तालुका. तिथल्या बिबट्यांवर विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. माणसांच्या वस्तीला लागून उसात राहणारे हे बिबटे खातात तरी काय? वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के कुत्री. हे मी घरी वाचून दाखवलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा वरणभातच म्हणायचा." बिबट्या जात विचारत नाही, हा त्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. पण आमच्या दारणा-गोदावरीच्या काठच्या उसातही बिबटे आहेतच. म्हणून संध्याकाळनंतर राख्या घरात, ही आमच्याकडची संचारबंदी आहे आणि ती तो माझ्यापेक्षा काटेकोर पाळतो.

शेवटी रामशेज ठरला. नाशिकच्या उत्तरेला, पेठ रस्त्यानं जाऊन आशेवाडीला उतरायचं. फेब्रुवारीतला रविवार, पहाटे निघायचं, ऊन तापायच्या आत परत.

तयारी मुलीनं केली. तीन लिटर पाणी, पत्र्याचं भांडं, बाजरीच्या भाकरीचे तुकडे, गोचीड काढायचा चिमटा, पट्टा, दोरी, प्रथमोपचाराची पेटी, जंतुनाशक मलम. हे सगळं राख्याचं. माझ्यासाठी काय घेतलं असं विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याच्यातलंच पाणी प्या ना."

गाडीत बसायला राख्या तयार नव्हता. गाडी ही वस्तू त्याला पूर्वी एकदाच भेटली होती आणि ती त्याच्या पायावरून गेली होती. अर्धा तास समजूत घातल्यावर तो आत आला आणि थेट सौभाग्यवतींच्या मांडीत बसला. १५ किलोचं परब्रह्म मांडीत घेऊन त्यांनी द्वारका चौकातली वाहतूक कोंडी पार केली. पंचवटी ओलांडताना तो ओकला. देवस्थानाच्या दारी रिकामं होऊन जाणारा तो पहिला भाविक नसावा.

पंचवटीतून जाताना काळाराम मंदिराचा फलक दिसला. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी तिथं सत्याग्रह सुरू केला. दार उघडावं एवढीच मागणी होती, आणि तो सत्याग्रह पाच वर्षं चालला. त्याच्या तीन वर्षं आधी महाडचं चवदार तळं. त्या तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी पिता येत होतं. काही माणसांना येत नव्हतं. मी मागे वळून राख्याकडे पाहिलं. कुत्र्याला कुणी जात विचारली की आपण हसतो. माणसाला विचारली तर यायला हवं ते हसू मात्र अजून येत नाही. मी गाडी पुढे घेतली. विनोदी लेखात जास्त वेळ थांबायची ही जागा नाही, पण न थांबता जाण्याची तर नाहीच नाही.

आशेवाडीला पोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. घरी असताना राख्या क्वार्टरचा जिना चढायला घाबरतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याला रोज उचलून न्यावं लागतं. आणि इथं दोरी सोडल्या सोडल्या त्यानं डोंगराकडे पाहिलं, नाक वर केलं, आणि सुटला. म्हणजे गेला महिनाभर मी त्याला कडेवर घेऊन जिने चढत होतो ते सगळं त्याचं नाटक होतं. चढावर त्याचं लंगडणंही थांबलं. वर पोचेपर्यंत मी लंगडायला लागलो.

पण तिसऱ्या वळणावर तो एकाएकी मध्येच बसला. मागून येणाऱ्या कॉलेजच्या पोरांची रांग थांबली.

"काय झालं हो?" सौभाग्यवती धापा टाकत म्हणाल्या.

"ट्रिप झाला," मी म्हणालो.

आता माझा अनुभव कामाला आला. संच ट्रिप झाला की आधी कारण शोधायचं, घाईनं चालू करायचा नाही. पाय तपासले, काटा नव्हता. जीभ पाहिली, ठीक. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकीची उष्णता धापेनं बाहेर टाकायची. म्हणजे अंगभर आवरण आणि धूर जायला एकच चिमणी. माझ्या बॉयलरची सगळी रचना या प्राण्यात होती. मी हाताची पालथी बाजू खडकावर टेकवली. आपल्याला पाच सेकंद सोसलं नाही तर त्याच्याही पंजाला सोसत नाही, असा साधा हिशेब. खडक अजून गार होता. मग कळलं. माझ्या खिशातल्या पुडीत एक बिस्किट शिल्लक होतं आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं. २१० मेगावॅटचा संच थंड पडला तर पुन्हा भारावर यायला तासन् तास लागतात. राख्याला अर्धं बिस्किट पुरलं.

मागची पोरं पुढे जाताना एकानं विचारलंच, "काका, ब्रीड कुठली?"

"सह्याद्रियन माउंटन हाउंड."

"भारी!" तो म्हणाला आणि राख्याबरोबर फोटो काढून घेतला. तो फोटो आता कुणाच्या तरी मोबाइलमध्ये या नावानं फिरत असेल. नवी जात अशीच निघते. कुणीतरी ठामपणे सांगायचं, बाकीच्यांनी "तरीच!" म्हणायचं.

वाटेत एका कातळात गुहा आहे, तिथं रामाचं मंदिर. शेज म्हणजे बिछाना. वनवासात राम इथं निजत असे, म्हणून रामशेज. राख्यानं स्थळमाहात्म्य ऐकायच्या आधीच आचरणात आणलं. गुहेच्या सावलीत गार दगडावर त्यानं तीन गिरक्या घेतल्या आणि आडवा झाला.

तिथंच हस्की भेटला.

निळ्या डोळ्यांचा, पांढराकाळा, सिंहासारखी मान असलेला. नाशिकच्याच एका तरुणाचा होता. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढण्यासाठी तयार झालेला हा गडी फेब्रुवारीत, दख्खनच्या काळ्या कातळावर, दुहेरी फरचा कोट घालून बसला होता. जीभ जमिनीला टेकायची बाकी होती. आणि मी, महिनाभर ज्या प्रश्नानं वैतागलो होतो तो मी, काही कळायच्या आत बोलून गेलो:

"वा! कुठल्या जातीचा?"

मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला रामाच्या शेजेखाली तोंड लपवावंसं वाटलं.

त्या तरुणानं ६० हजारांचा आकडा सांगितला, वंशावळीचा कागद असल्याचं सांगितलं, आणि मग कसनुसं होत म्हणाला, "काका, थोडं पाणी आहे का? आमचं संपलं." मुलीनं पत्र्याचं भांडं भरून खाली ठेवलं. राख्या उठला. हस्कीही उठला. मला वाटलं, आता जुंपते. दोघांनी एकमेकांचा मागून वास घेतला आणि मग एकाच भांड्यात तोंड घातलं. एकीकडे ६० हजार, एकीकडे एन. डी., आणि मध्ये पाणी.

कुत्र्यांचीही चौकशीची पद्धत असते, नाही असं नाही. पण मागून दोन सेकंद वास घेतला की त्यांना काय हवं ते कळतं: नर की मादी, काय खाल्लंय, घाबरलाय का. आजोबा कुठले, हा मुद्दा त्यांच्या नाकाला बहुधा महत्त्वाचा वाटत नाही.

वरच्या पठारावर वारा सुटला होता. या किल्ल्याला मोगलांनी १६८२ मध्ये वेढा घातला, औरंगजेब नुकताच दक्षिणेत उतरला होता तेव्हा. छोटासा किल्ला, दोनचार दिवसांत पडेल असा हिशेब होता. संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी तो पाच वर्षांहून जास्त लढवला. गडावर पुरेशा तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा केल्या असं सांगतात. सरदार बदलले, मांत्रिकाचे उपाय झाले म्हणतात, आणि शेवटी गड लढून नव्हे, पैसे चारून घ्यावा लागला. मी हे सगळं मुलीला रंगवून सांगत होतो. राख्या तेव्हा तटाच्या एका दगडावर मागचा पाय वर करून स्वतःचं नाव इतिहासात नोंदवत होता. पूर्वी लोक खिळ्यानं 'बाळू लव्ह मनीषा' कोरायचे, त्यापेक्षा हे बरं. पहिल्या पावसात वाहून तरी जातं.

तिथं गडावरची दोन कुत्री आली. सह्याद्रीच्या बऱ्याच गडांवर अशी कुत्री असतात. पायथ्याच्या गावातून सकाळी ट्रेकर्सच्या पहिल्या घोळक्याबरोबर निघायचं, वरपर्यंत सोबत करायची, डबा उघडला की हक्काचा वाटा घ्यायचा, आणि संध्याकाळच्या घोळक्याबरोबर उतरायचं. पगार नाही, गणवेश नाही, निवृत्तीला शाल नाही. पण वाट चुकलेल्या माणसाला वाट दाखवतात. राख्याला त्यांनी गडाची हद्द दाखवली, त्यानं शेपूट खाली घालून ती मान्य केली, आणि मग तिघं मिळून माझ्या भाकरीकडे पाहत बसले.

भाकरी मोडता मोडता मला धर्मराज आठवला. महाभारताच्या सतराव्या पर्वात पांडव हिमालयाकडे निघतात आणि एक कुत्रा त्यांच्या मागे लागतो. वाटेत द्रौपदी पडते, भाऊ पडतात, कुत्रा चालत राहतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, स्वर्गात कुत्रेवाल्यांना जागा नाही. म्हणजे गृहनिर्माण सोसायटीचा हा नियम आजचा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. जगातला हा पहिला ट्रेकर, ज्यानं रस्त्यावरचा कुत्रा सोबत घेतला आणि शिखरावर पोचूनही सोडला नाही. तो कुत्रा कुठल्या जातीचा होता, हे व्यासांनी लिहिलेलं नाही. निघाला साक्षात धर्म.

आणि हे फक्त पुराणात नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात नेपाळमध्ये एक रस्त्यावरची कुत्री गिर्यारोहकांच्या मागे लागली आणि बरुंत्से शिखरावर, ७१२९ मीटरवर, चालत गेली. तिचं नाव मेरा. त्याही आधी, १९५७ मध्ये, पृथ्वीभोवती फिरलेला पहिला प्राणी लायका, तीही मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली. शास्त्रज्ञांनी मुद्दाम भटकी निवडली, कारण उपासमार आणि थंडी तिला आधीच माहीत होती. ती परत यायची सोय मात्र कुणी केली नव्हती. वर पाठवायला एन. डी. चालते, परत आणायचं म्हटलं की कागदपत्रं विचारतात.

दहा वाजता खडक तापायला लागला तसे आम्ही उतरलो. अर्ध्या वाटेवर हस्कीनं अंग टाकलं. त्या तरुणानं त्याला खांद्यावर घेतलं आणि २५ किलोची ती पालखी आशेवाडीपर्यंत वाहिली. राख्या पुढे, वाटाड्यासारखा, दर वळणावर थांबून मागे बघत. माझे गुडघे पाहता बहुधा मलाही खांद्यावर घ्यावं लागेल याचा तो अंदाज घेत असावा.

खाली एका घराच्या ओट्यावर आजी बसल्या होत्या. आम्हाला पाहून आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी मला डावललं, दगडी डोणीत पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आधी त्याला पिऊ द्या. तुम्हाला मागता येतंय."

दोन्ही कुत्री प्यायली. मी वाट पाहत होतो. महिनाभराची सवय, आता प्रश्न येणार. एक अत्यंत भारदस्त परदेशी जात मी तयारही ठेवली होती.

"नाव काय याचं?" आजींनी विचारलं.

"राख्या."

"ऐकतो का?"

"बिस्किट असलं तर."

"मग पोरांसारखंच," त्या म्हणाल्या आणि तांब्या पुन्हा भरायला आत गेल्या. तयार ठेवलेली परदेशी जात माझ्या तोंडातच राहिली.

त्यानंतर आम्ही बरेच डोंगर केले. सिन्नरजवळचा डुबेरगड केला. त्याच्या पायथ्याच्या डुबेरे गावी १७०० मध्ये थोरल्या बाजीरावाचा जन्म झाला. माझी साखर उतरली. राख्याचा पाय भरला. क्वार्टरचा जिना मात्र तो अजूनही चढत नाही.

शेवटी वाचकहो, एवढंच. डोंगरात जाल तेव्हा भांडं आणि जास्तीचं पाणी ठेवा. अभयारण्यात आपला कुत्रा नेऊ नका. गडावरची कुत्री मागे लागली तर बिस्किटं दाखवत त्यांना पुढच्या गडापर्यंत ओढू नका. परक्या गावच्या कुत्र्यांच्या हद्दी ओलांडून घरी परतणं त्यांना जमत नाही. आणि एखादा माणूस तांबूस, एका आडव्या कानाचा कुत्रा घेऊन धापा टाकताना दिसला तर त्याला जात विचारू नका. पाणी विचारा. आधी कुत्र्याला, मग माणसाला.